डाव्या हाताचा ‘ग’

भजनी मंडळातले दोन-तीन जण, आणि परवा तर किराणावाला पण, मला विचारत होते, ‘लॅपटॉपवर पखवाज वाजवून बरे झालात म्हणे?’ बरा-बिरा काही झालो नाहीये. ब्रेन स्ट्रोकनंतर डाव्या हाताची मूठ अजून पूर्ण वळत नाही, शर्टाची बटणं ही लावून देते (म्हणजे बायको), आणि टू-व्हीलरला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. पण सहा महिन्यांपूर्वी ज्या खड्ड्यात होतो तिथनं बराच वर आलोय, आणि त्यात एका काउन्सेलर मॅडमचा, माझ्या पोरीचा आणि कणकेच्या गोळ्यांचा वाटा आहे. तोंडी सांगायला गेलो की मधेच रडायला येतं म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. एका हाताने टाइप करतोय, चुकभूल द्यावी घ्यावी.

मी भजनी पखवाजी. उस्ताद वगैरे काही नाही, वडील वाजवायचे त्यांचं बघून शिकलो, नोकरी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आणि एकादशी, सप्ताह, कुणाकडं काही असलं की मंडळाबरोबर भजन, असं तीसेक वर्षं चाललं होतं. ज्यांनी पखवाज जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, उजव्या तोंडाला तबल्यासारखी शाई असते, आणि डाव्या तोंडाला, आम्ही त्याला धूम म्हणतो, वाजवायच्या आधी ओल्या कणकेचा गोळा थापतात. त्या कणकेमुळं डावीचा आवाज असा पोटातनं येतो. वाजवून झालं की खरवडून काढायची, पुढच्या वेळी परत ताजी. आता उजव्या हाताचा ‘ता’ आणि डाव्या हाताचा ‘ग’ एकदम पडले की ‘धा’ होतो. एका हाताचा ‘धा’ नसतो. ही गोष्ट पुढं लागणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवली.

मागच्या वर्षी गोकुळाष्टमीच्या सप्ताहात दुपारी तीनच्या सुमाराला डाव्या हाताला मुंग्या आल्या. म्हणलं हातावर झोपलो असेन. संध्याकाळी कणीक लावायला बसलो तर अंगठा दाबला जाईना, एका बाजूला जाड एका बाजूला पातळ, बुवा म्हणाले पण, ‘माउली, आज डावी बसली नाही’. तरी मी कीर्तनाला उभा राहिलोच, सप्ताहाचा दिवस, दुसरा वाजवणारा नाही, आणि खरं सांगायचं तर मीपणा. नऊच्या पुढं कधीतरी हात धुमेवरनं घसरला आणि पाठोपाठ मी पण. दवाखान्यात कळलं ब्रेन स्ट्रोक, मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी, म्हणून शरीराची डावी बाजू गेली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायला लागतं. डॉक्टरांनी विचारलं कधीपासून होतंय, हिने सांगितलं तीनपासून. तेव्हा दहा वाजून गेले होते. डॉक्टर काही बोलले नाहीत, पण स्टोअरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला एवढा हिशोब येतो.

घरी आल्यावर पहिले दोन महिने फिजिओ, औषधं, येणारेजाणारे यात गेले. पाय सुधारला, काठी घेऊन चालायला लागलो, सगळे म्हणायचे नशीबवान आहात. आणि मला सकाळी उठायचंच नसायचं. बोलायचं नाही, जेवायचं नाही, पोरगी कॉलेजवरनं आली तरी मान वर करायची नाही. त्यात एक विचित्र प्रकार म्हणजे टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी मला हुंदके यायचे, एकदा तर शेजारी वारले त्यांच्याकडं बसलो असताना हसू फुटलं, इतकी लाज वाटली की त्यानंतर मी घराबाहेर पडणंच सोडलं. भजन तर बंदच. पहाटे देवळात काकडा सुरू झाला की मी खिडकी लावून घ्यायचो. पखवाज हिने माळ्यावर टाकला, मीच सांगितलं होतं, डोळ्यासमोर नको.

शेवटी फिजिओ करणाऱ्या पोरानेच हिला सांगितलं की वहिनी, हे आळशीपणा करत नाहीयेत, स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एका पेशंटला डिप्रेशन येतं, दाखवा कुणाला तरी. मग मानसोपचाराचे डॉक्टर झाले, त्यांनी गोळी सुरू केली आणि काउन्सेलिंगला पाठवलं. ते जाहिरात बघून रडू येणं आणि अवेळी हसू येणं याच्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूतल्या इजेमुळं रडण्या-हसण्याचा ब्रेक ढिला होतो, ते वेगळं आणि मन खचणं वेगळं, दोन्ही एकाच माणसात असू शकतं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर चार महिने मी स्वतःला वेडा समजत बसलो नसतो.

काउन्सेलर मॅडम तिशी-पस्तिशीच्या असतील. मला काका म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी सरळ विचारलं, ‘काका, जीव द्यावासा वाटतो का?’ असं कुणी तोंडावर विचारेल असं मला वाटलंच नव्हतं. मी म्हणलं द्यावासा नाही पण राहिला नाही तरी चालेल. त्यावर त्यांनी हिला आत बोलावलं, आम्हा तिघांचं बोलणं झालं आणि टेली-मानसचा १४४१६ नंबर कागदावर लिहून दिला, सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली, रात्री-अपरात्री पण लागते, मराठीत बोलता येतं. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे. एकदा रात्री अडीचला लावला होता मी. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

तर संगीत. मॅडमनी फायलीत पखवाज हा शब्द वाचला होता आणि त्यांचे डोळे चमकले हे मला दिसलं. त्यांनी सांगितलं की फिनलंडमध्ये साठ स्ट्रोक पेशंटचा एक अभ्यास झाला होता, २००८ साली छापून आलाय, त्यात जे लोक दोन महिने रोज तासभर आपल्या आवडीचं संगीत ऐकत होते त्यांची स्मरणशक्ती आणि लक्ष बाकीच्यांपेक्षा जास्त सुधारलं आणि मन पण कमी खचलं. मी म्हणलं मॅडम त्या साठ जणांत पखवाजी किती होते? माझ्या आवडीचं जे काही आहे त्यात पखवाज आहे, आणि पखवाज ऐकला की मला आतून कुणीतरी ढोसल्यासारखं होतं. त्या हसल्या नाहीत, वाद पण घातला नाही, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या बरं, मग संगीत राहू दे, सध्या श्वासावर काम करू. मला वाटलं सुटलो.

पण श्वासाच्या मागनं संगीत आलंच. तिसऱ्या का चौथ्या वेळी त्यांनी एक ॲप काढलं, कानाच्या पाळीला चिमटा लावायचा, त्यातनं नाडी मोजली जाते आणि त्याप्रमाणं हेडफोनमधलं संगीत आपोआप बदलतं. नाडी जलद असेल तर सुरुवातीला संगीतही तसंच चपळ, मग हळूहळू ते मंद होत जातं आणि माणसाला बरोबर खाली घेऊन येतं, शेवटी मिनिटाला सहा श्वासांपर्यंत. हे सरळ शांत संगीत का नाही लावत असं विचारलं तर म्हणाल्या, जुनी पद्धत आहे ही, अमेरिकेत आल्टशूलर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९४८ साली लिहून ठेवलंय की आधी पेशंटच्या मनाला जुळेल असं वाजवा, मग तिथनं हळूहळू हलवा. मला हे एकदम पटलं. कीर्तनात बुवा काय करतात, आल्या आल्या नाचायला लावतात का? आधी संथ, लोक जागेवर आले की मग लय वाढवायची. इथं उलट्या दिशेनं एवढंच. आणि वाजत होतं ते कीबोर्डचं, पाण्यासारखं काहीतरी, त्यात ठेका नव्हता, म्हणून मी सहन केलं.

तर गंमत अशी झाली की ॲप मला पहिल्या मिनिटापासून शांत समजायला लागलं. स्क्रीनवर हिरवा गोल, नाडी ६२, संगीत एकदम निवांत, तुम्ही छान रिलॅक्स आहात वगैरे. आणि मी आत उकळत होतो, त्या दिवशी सकाळीच घरी ताट भिरकावून आलो होतो. दोन सेशन असंच झालं. मला वाटायला लागलं माझ्यातच काही राहिलं नाही बहुतेक, मशीनला पण माझं दुःख दिसत नाही. मग तिसऱ्या वेळी मॅडमनी औषधांची यादी परत वाचली आणि कपाळाला हात लावला. बीपीसाठी मला मेटोप्रोलॉल चालू आहे. ती गोळी हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही, तेच तिचं काम. म्हणजे मी चिडलो काय आणि रडलो काय, नाडी आपली साठ-पासष्ट. ‘माझं चुकलं काका, हे आधी बघायला हवं होतं’, असं त्या म्हणाल्या. दवाखान्याच्या इतक्या फेऱ्यांत माझं चुकलं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं आणि त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. म्हणून सांगतो, असलं नाडीवर चालणारं काही वापरणार असाल तर आधी आपल्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. ठोके अनियमित पडत असतील तरी ते यंत्र गंडतं.

त्याच सेशनमध्ये ॲप बंद केल्यावर आम्ही दोन-तीन मिनिटं काहीच न बोलता बसलो होतो आणि मला बरं वाटलं. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या इटलीत पाविया म्हणून गाव आहे तिथल्या बर्नार्डी नावाच्या डॉक्टरांनी २००६ साली चोवीस जणांना वेगवेगळं संगीत ऐकवून ठोके आणि बीपी मोजलं, त्यात आपली सतार पण होती, आणि मधे दोन मिनिटं शांतता सोडली होती. तर लोक सगळ्यात जास्त सैलावले ते त्या शांततेत. मी म्हणलं त्यात काय, खाली असते म्हणून तर समेला मजा आहे. (खाली म्हणजे तालातली मोकळी जागा, आणि सम म्हणजे तालाची पहिली मात्रा.) हे बोलून गेलो आणि गप्प झालो. कारण सहा महिन्यांत पहिल्यांदा मी तालाबद्दल काहीतरी बोललो होतो. मॅडमनी ऐकल्यासारखं दाखवलं नाही पण त्यांनी ऐकलं होतं.

पुढच्या आठवड्यात टेबलावर टॅबलेट उभा केलेला. ऑमी म्हणून फुकटचं ॲप आहे, पॉलिन ओलिव्हेरॉस नावाच्या अमेरिकन संगीतकार बाईंनी २००७ च्या आसपास सुरू केलेला प्रकल्प, ज्या मुलांचे हातपाय फारसे हलत नाहीत त्यांना ड्रमच्या वर्गात काहीतरी वाजवता यावं म्हणून. कॅमेरा आपल्याकडं बघतो, नाकावर नाहीतर बोटावर एक ठिपका ठेवायचा, आणि तो ठिपका स्क्रीनवरच्या चौकटीत शिरला की आवाज होतो. मान हलवली तरी वाजतं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, हे पखवाज नाही, वाद्यही समजू नका, नुसतं तुम्ही हललात की आवाज होतो एवढंच. कॅमेरा आहे म्हणून त्यांनी मराठीत लिहिलेला एक कागद आधी वाचून दाखवला, रेकॉर्डिंग होणार नाही, झालंच तर विचारून होईल, आणि खाली माझी सही, वाकडी. आवडलं मला ते. नाहीतर आजकाल कोण विचारतंय.

पहिली दहा मिनिटं अतिशय अपमानास्पद होती. बावन्न वर्षांचा माणूस टॅबलेटसमोर बसून मान डोलावतोय आणि टुंग, टिंग असे आवाज निघतायत, नंदीबैल झालो होतो अक्षरशः. त्यात मागच्या खिडकीतनं ऊन आत-बाहेर होत होतं, उजेड बदलला की ठिपका नाकावरनं निसटून कानाकडं जायचा आणि मी न हलता वाजायला लागायचं. शेवटी पडदा ओढला आणि खुर्ची फिरवली. मग मॅडम म्हणाल्या पाच मिनिटं काहीही करा, मी बघत नाही. मी करत राहिलो. पाच मिनिटांनी त्या म्हणाल्या, ‘काका, तुम्ही दर आठव्याला थांबताय.’ मला माहीतच नव्हतं. भजनी ठेका आठ मात्रांचा, आणि माझी मान सात मात्रा इकडंतिकडं करून समेला बरोबर चौकटीत शिरत होती. हात गेला, पण मानेला सम माहीत होती. घरी येताना रिक्षात मी रडलो, पण ते जाहिरातवालं रडू नव्हतं, फरक कळतो.

हे पोरीला सांगितलं, कितीतरी दिवसांनी आपणहून काहीतरी सांगितलं. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. रात्रभर काय काय बघत बसली आणि सकाळी म्हणाली बाबा, मेकी मेकी. मला वाटलं मॅगी. तर ते एक छोटं सर्किट बोर्ड असतं, अमेरिकेत एमआयटीमधल्या जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम या दोघांनी २०१२ साली बाजारात आणलेलं. लॅपटॉपला जोडायचं, एक वायर आपण धरायची ती अर्थिंगची, बाकीच्या वायरी कशालाही लावायच्या, केळं, चमचा, पाण्याचा ग्लास, ज्यातनं थोडीशी वीज जाते असं काहीही, आणि त्या वस्तूला हात लावला की लॅपटॉपला वाटतं कुणीतरी बटण दाबलं. त्या बटणाला आपल्याला हवा तो आवाज जोडायचा. मूळचं महाग पडतं म्हणून तिने त्याची एक कॉपी बाराशेला मागवली. आणि मला म्हणाली, कशाला वायर लावू? मी काही बोलायच्या आत आतनं ही म्हणाली, ‘कणकेला लागते का बघ की.’

लागते. मीठ घातलेली ओली कणीक वीज झकास नेते. ही स्वयंपाकघरातनं ताटलीत गोळा घेऊन आली तेव्हा मी तिच्याकडं बघू शकलो नाही. त्या कणकेला मी त्या रात्रीनंतर हात लावला नव्हता. साधी चपाती पण खाताना... असो.

हे सगळं पोरीने मॅडमना फोनवर विचारून केलं हे मला नंतर कळलं. मॅडम म्हणाल्या होत्या घरी करू नका, इथं घेऊन या, माझ्यासमोर होऊ दे. हे फार महत्त्वाचं होतं असं मला आता वाटतं, कारण काय बाहेर येईल ते कुणालाच माहीत नव्हतं आणि घरी बायको-पोरीसमोर ते आलं असतं तर मी ते परत गिळून टाकलं असतं. तर लॅपटॉप, बोर्ड, डब्यात कणीक, माळ्यावरनं उतरवलेला पखवाज, ब्लूटूथ स्पीकर अशी आमची वरात त्या चौथ्या मजल्यावर गेली. लिफ्टमधल्या एका आजोबांनी विचारलं कार्यक्रम कुठंय.

मांडणी अशी होती, उजवा हात खऱ्या पखवाजाच्या शाईवर, डावीकडं मांडीशेजारी स्टुलावर कणकेचा गोळा, त्याला वायर, आणि अर्थिंगची वायर पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेली. कणकेला बोट टेकलं की लॅपटॉपमधनं ‘ग’. तो आवाज पोरीने मंडळातल्या पखवाजावर आमच्या नवीन पोराकडनं वाजवून घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड केला होता. मी पंधरा मिनिटं नुसता बसलो. मॅडम पण बसल्या. मग मी उजवा ‘ता’ मारला आणि त्याच वेळी डावा हात, खांद्यातनं ढकलून, गोळ्यावर टाकला.

ता... ग.

वेगवेगळे. आधी ता, मग ग. परत मारला, परत तेच. मला वाटलं माझाच हात मागं पडतोय, अजून जोर लावला, परत ता, ग. आणि पाचव्या-सहाव्या वेळी माझं डोकं फिरलं. मी ओरडलो. ‘हे मागं आहे! माझा हात वेळेवर आहे, हे यंत्र मागं आहे! एवढ्या उशिरा ग पडला तर बुवा उठवून लावतील!’ पोरगी घाबरली, सॉरी बाबा सॉरी बाबा करायला लागली. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, ‘काका, आता काय म्हणालात ते परत म्हणा.’ मी म्हणलं यंत्र मागं आहे. ‘त्याच्या आधीचं.’

माझा हात वेळेवर आहे.

आता नंतर समजलं ते असं की ब्लूटूथ स्पीकरला आवाज पोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा लागतो, गाणी ऐकताना कळत नाही पण तालात तेवढ्यात जग बुडतं. शिवाय त्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच थोडी शांतता राहिली होती, थाप पडायच्या आधीची, ती पण उशीर वाढवत होती. पोरीने पुढच्या आठवड्यात वायरचा स्पीकर आणला आणि रेकॉर्डिंगचं तोंड कापून थाप अगदी सुरुवातीला आणली. पण तो आठवडा माझा कसा गेला सांगतो, रोज सकाळी मी तिला उठवून विचारत होतो झालं का. ज्या माणसाला अंथरुणातनं काढायला दोघं लागायचे तो साडेसहाला पोरीच्या डोक्याशी उभा. ही म्हणाली पण, चिडकेपणा परत आला म्हणजे माणूस परत आला.

पुढच्या सेशनला ‘धा’ पडला. पहिला नाही, बराच वेळाने, दहा-बारा फसल्यावर. त्याचं वर्णन करत बसत नाही. एवढंच की मी त्यानंतर वाजवलं नाही त्या दिवशी, बोलत बसलो, तासाचा दीड तास झाला आणि मॅडमनी घड्याळाकडं बघितलं नाही. जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते बोललो. की मला तीन वाजताच कळलं होतं काहीतरी बिघडलंय. कणीक लावताना तर नक्कीच कळलं होतं. आणि मी गेलो नाही कारण नवीन पोरगा तयार होता वाजवायला, बुवा त्याला संधी देणार होते, आणि मला ते नको होतं. दुसरा वाजवणारा नाही असं मी वर लिहिलंय ना, ते मी सगळ्यांना सांगत आलोय. वाजवणारा होता. आणि आत्ता ज्या ‘ग’ ने मी रडतोय तो ‘ग’ त्याच पोराचा.

मॅडमनी मला माफ-बिफ केलं नाही, तुमची काही चूक नाही असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या हे वजन खूप आहे, एकदम उचलायचं नाही. त्यापुढचे दोन महिने त्याच्यावरच गेले. तंत्रज्ञान त्यात फारसं नव्हतं, बोलणंच होतं. पण सेशनची सुरुवात पाच मिनिटं कणकेवर आणि शेवट पाच मिनिटं कणकेवर, असं ठरलेलं. जड बोलून घरी जायच्या आधी हाताला काहीतरी काम.

एक तक्रार मात्र माझी राहिली. त्या गोळ्याला हळू लावा नाहीतर जोरात मारा, आवाज तेवढाच. बोट टेकलं की पूर्ण थाप. सुरुवातीला बरं वाटलं पण मग ते खोटं वाटायला लागलं, हात मेलेला आणि आवाज पैलवानाचा. मी मॅडमना म्हणलं हे म्हणजे दुसऱ्याच्या मिशीला पीळ देणं झालं. त्यांनी ते मनावर घेतलं. मग पोरीने तीन गोळे केले, जवळच्याला बारीक आवाज, मधल्याला मध्यम, आणि मोठी थाप हवी असेल तर तिसरा गोळा लांब ठेवलेला, तिथपर्यंत हात न्यायलाच लागणार. आता मोठा ‘ग’ कष्टाचा झाला. हे फिजिओच्या पोराने बघितलं तर तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, काका, मी सहा महिने हेच सांगतोय की कोपर सरळ करा, माझ्यासाठी एकदा केलं नाहीत. कणीक सुकली की करंट जात नाही, आवाज गळायला लागतो, मग पाण्याचा हात फिरवायचा. धुमेवरच्या कणकेचं पण हेच, मधे मधे ओलं करत राहायचं. पोरीला मी हे आधीच सांगितलं होतं पण तिने ते इंटरनेटवर वाचल्यावर खरं मानलं.

पैशाचं विचारतात म्हणून, सेशनचे नऊशे रुपये, बोर्ड बाराशे, वायरचा स्पीकर घरातला जुना, ऑमी फुकट, कणीक घरची. मॅडम काही सर्टिफिकेटवाल्या म्युझिक थेरपिस्ट नाहीत आणि त्यांनी तसं कधी भासवलं पण नाही, काउन्सेलर आहेत, बाकी वाचून आणि आमच्याबरोबर चुकून शिकल्या. गोळी अजून चालू आहे. मला बरं वाटलं ते गोळीने किती, बोलण्याने किती, आणि कणकेने किती याचा हिशोब कुणाला करता येईल असं वाटत नाही, स्टोअरवाल्याला पण नाही. म्हणून कुणी मला फोन करून नुसतं त्या बोर्डची लिंक मागतं तेव्हा मी आधी विचारतो डॉक्टरला दाखवलंय का.

आषाढीला मंडळात गेलो होतो. लॅपटॉप न्यायचा का असं पोरीने विचारलं, मी नको म्हणलं, देवळात वायरी पायात येतात. नवीन पोरगा वाजवत होता, मी बाजूला बसून उजव्या हातात चिपळी धरली, ती एका हाताने वाजते. त्याची डावी चांगली बोलत होती. भजन संपल्यावर तो पाया पडायला आला तर मला काय बोलावं सुचेना, म्हणलं लय थोडी पळतीय तुझी. ती पळत नव्हती.

आता परत गोकुळाष्टमी आली. मॅडमनी दोन सेशन आधीपासूनच विचारायला सुरुवात केलीय की त्या दिवशी दुपारी तीनला तुम्ही कुठं असाल, कोण बरोबर असेल, जड झालं तर काय कराल. सेशन आता पंधरा दिवसांनी एकदा असतात पण त्या आठवड्यात एक जादा ठेवलंय. बोर्डची एक क्लिप तुटलीय, पोरीची परीक्षा संपल्याशिवाय ती बघणार नाही. सप्ताहात वाजवायचं माझ्या डोक्यात नाही. पखवाजाला कणीक मात्र मी मळून देतो असं बुवांना सांगितलंय, एका हाताने मळायला वेळ लागतो म्हणून तासभर आधीच जाणार आहे.